वरचं बटण

वरचं बटण दाबलं आणि इंजिन खाली आलं.

घरामागच्या आमच्या शेडमध्ये आडव्या गर्डरला एक छोटा इलेक्ट्रिक हॉइस्ट, म्हणजे दोरानं ओझं उचलणारं यंत्र, टांगलेला आहे. घरगुती विजेवर चालतो. एकेरी दोरावर 250 किलो, आणि हुकाची कप्पी लावून दोर दुहेरी केला की 500 किलो उचलतो. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी त्याच्या हुकाला गुऱ्हाळावरचं एक जुनं इंजिन होतं. जुन्या विलायती लिस्टर इंजिनाच्या धाटणीचं, एका सिलिंडरचं, मिनिटाला 650 फेरे घेणारं, दोन्ही अंगांना दोन जड चक्रं. वजन तीनशे किलोच्या पुढे. जमिनीपासून हातभर वर घेऊन थांबवलं होतं. लोखंडी घोडीवर बसवायला आणखी वीतभर वर हवं होतं. हवेत गिरकी घेऊ नये म्हणून लेक चक्राला हात लावून उभी होती. मी बटण दाबलं. मोटार गुणगुणली, पण दोर वर सरकला नाही. क्षणभर सगळं जागच्या जागी राहिलं, मग इंजिन हळूच खाली सरकलं, आणि लगेच वेगानं निघालं. मी बटण सोडलं. वरून 'खट्' असा आवाज आला आणि ते थांबलं. लेकीचा पाय आणि चक्राची कड यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चुकून खालचं दाबलंत का?"

मी वरचंच दाबलं होतं. अंगठा अजून त्याच बटणावर होता.

इंजिनाखाली बाभळीचे ठोकळे रचले, सावकाश त्यावर टेकवलं, एमसीबी पाडला आणि आम्ही घरात गेलो. जेवणावर लक्ष नव्हतं. यंत्र बंद पडणं मला नवीन नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात फिटर होते आणि लहानपणापासून मी बंद पडलेली यंत्रंच जास्त पाहिली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशी कोल्हापूरच्या जुन्या यंत्रकारांची नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. पण बंद पडणं वेगळं आणि सांगितलं त्याच्या उलट करणं वेगळं. मी वर म्हणालो, ते खाली का आलं, हे कळल्याशिवाय त्या हॉइस्टखाली कुणाला उभं करायचं नाही, एवढं त्या रात्री ठरवलं.

उत्तर पहाटे सुचलं, आणि सुचल्यावर अंगावर काटा आला.

घरगुती विजेला बहुधा एकच फेज असतो. त्यावर एकट्या वाइंडिंगनं, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीनं, तयार होणारं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही. ते जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं, उलटसुलट. रोटरनं, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागानं, कुठल्या बाजूला फिरायचं हे त्याला सांगता येत नाही. म्हणून मोटारीत दुसरं वाइंडिंग असतं, आणि त्याच्या वाटेत कंडेन्सर घालून त्यातला प्रवाह थोडा पुढे काढलेला असतो. दोन वाइंडिंगमधल्या या आगे-मागेपणातून दिशा तयार होते. हॉइस्टमध्ये ही दोन्ही वाइंडिंग सारखीच भरतात. वरचं बटण कंडेन्सर एकीकडे जोडतं, खालचं दुसरीकडे. आता कंडेन्सर मेला, तर मोटार नुसती गुणगुणते. अशा वेळी तिच्या दांड्याला हातानं ज्या बाजूचा झटका द्याल त्या बाजूला ती निघते, आणि निघाली की स्वतःच्या ताकदीनं फिरत राहते. पंख्याचा कंडेन्सर गेल्यावर पात्याला काठीनं ढकलून पंखा चालू करणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. तेच ते.

माझ्या हॉइस्टमध्ये तो झटका इंजिनानं दिला. वरचं बटण दाबताच विजेनं ब्रेक सोडवला, मोटारीला स्वतःची दिशा नव्हती, आणि तीनशे किलोंनी तिला खालची दिशा दिली. इंजिन आधी नुसतं घसरलं. नंतर मोटारच त्याला खाली घेऊन निघाली.

सकाळी शेडमध्ये गेलो. आधी लटकत्या बटणपेटीचे स्क्रू काढले. आतले संपर्क काळवंडलेले होते, पण जोड पक्के. मग हॉइस्टच्या बाजूचं झाकण. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्याच्या दोन वायरींना बल्ब टेकवून उरलीसुरली वीज उतरवली. बरेच जण पेचकस आडवा घालून ठिणगी पाडतात, त्यानं कंडेन्सरही दुखावतो आणि कधी डोळाही. अंगावर क्षमता छापली होती 35 मायक्रोफॅरड. मीटरनं दाखवले 19. पुरता मेला नव्हता, पण तीनशे किलोंसमोर मोटारीला दिशा देण्याइतका उरला नव्हता.

या कंडेन्सरचं एक मला फार लागतं. आत प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा थर असतो. विजेच्या ताणानं फिल्मला कुठे सुईएवढं भोक पडलं, तर त्याभोवतीचा धातू वाफ होऊन उडतो आणि ती जागा आपोआप वेगळी पडते. कंडेन्सर वाचतो. मात्र प्रत्येक वेळी तेवढा थर गेलेला असतो, तेवढी धारणा, म्हणजे वीज साठवायची क्षमता, कमी झालेली असते. असं शेकडो वेळा होतं आणि बाहेरून काही दिसत नाही. 35 वरून 19 वर यायला माझ्या कंडेन्सरला किती महिने लागले असतील? त्या महिन्यांत मोटार उचलायला क्षणभर जास्त घेऊ लागली होती, हे मी ऐकलं होतं. थंडी आहे, ग्रीस घट्ट झालं असेल, असं म्हणून पुढे गेलो होतो.

नवा कंडेन्सर आणला, जोडला. हुक रिकामा ठेवून वर-खाली केलं. मोटार चटकन निघाली. दोनशे किलोंचं लोखंड लावलं, तेही उचललं. लेकीला हाक मारणार होतो, तेवढ्यात वास आला. जळक्या व्हार्निशचा वास ज्यानं एकदा घेतला तो आयुष्यात विसरत नाही. गोडसर, घशाला लागणारा.

मेगर, म्हणजे वीज बाहेर झिरपते का ते मोजणारा मीटर, लावला. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये 40 मेगाओहम. या मोटारीला 1 मेगाओहमच्या खाली गेलं की काळजी, म्हणजे इथे सगळं ठीक. पण मेगर फक्त तांब्यातली वीज लोखंडात फुटते का एवढंच सांगतो. एकाच कॉइलचे शेजारशेजारचे वेढे एकमेकांना चिकटले, तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून दोन्ही वाइंडिंगचे ओहम मोजले. सारखी असायला हवी होती. एक 4.1, दुसरं 3.3. दुसऱ्यातले काही वेढे आतल्या आत शॉर्ट झाले होते, आणि ती मोटार आता कितीही चालली तरी दिवस मोजत चालणार होती.

स्टेटर, म्हणजे मोटारीचा वाइंडिंग असलेला न फिरणारा भाग, कापडात गुंडाळून मामांकडे नेला. मामा नात्यानं कुणी नव्हेत; आण्णांचे सोबती, चाळीस वर्षं मोटारी भरतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी घालतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर ओसरला, तेव्हा त्यांच्या दुकानापासून कोपऱ्यापर्यंत रस्त्याच्या कडेला नदीकाठच्या पंपांच्या मोटारी ओळीनं मांडलेल्या होत्या, चिखलानं भरलेल्या, प्रत्येकीला शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी. मामा आणि त्यांचा मुलगा त्या गोड्या पाण्यानं धुवायचे, पत्र्याच्या पिंपात बल्ब लावून रात्रभर सुकवायचे, सकाळी मेगर लावायचे. मेगरचा आकडा वाढला त्या तशाच परत द्यायच्या, न वाढला त्या भरायच्या. मी तेव्हा चार दिवस त्यांच्या हाताखाली होतो. ओली मोटार घाईनं चालू करून जाळून आणलेली माणसंही त्या ओळीत उभी असायची, आणि मामा त्यांना रागावत नसत.

मला मात्र रागावले.

"भरायची ती भरू. पण ही जळाली का, ते सांग आधी."

"कंडेन्सर गेला होता, मामा."

"आणि कंडेन्सर का गेला?"

"जुना झाला."

"किती वर्षं?"

"तीन."

"तीन वर्षात म्हातारा होतोय व्हय कंडेन्सर? मोटारीनं काय खाल्लं ते बघ जा. न्हाईतर मी भरून देणार, तू जाळून आणणार. तांबं फुकट येतंय का?"

मोटार भरणारा माणूस मोटार भरण्याआधी गिऱ्हाईक परत पाठवतो, यापेक्षा मोठं प्रामाणिकपणाचं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. मी परत आलो आणि मोटारीनं काय खाल्लं ते शोधू लागलो.

शेड घरापासून लांब आहे. सुरुवातीला दोन बल्ब आणि एक ग्राइंडर एवढ्यासाठी म्हणून मी घरातून 1 चौरस मिलिमीटरची वायर ओढली होती, 30 मीटर. पुढे हॉइस्ट आला आणि त्याच वायरीवर बसला. तांब्याच्या तेवढ्या जाडीच्या वायरीचा जाऊन-येऊन 60 मीटरचा अवरोध 1 ओहमच्या थोडा वर भरतो. चालू मोटार पाच-सहा अँपिअर घेते, तेव्हा हे जाणवत नाही. पण उभी मोटार हलायला लागताना याच्या चार-पाच पट ओढते. 25 अँपिअर धरले तर एकट्या वायरीत 26 व्होल्ट मरतात. मित्राचा तशाच जातीचा हॉइस्ट उसना आणून लावला आणि ओझं उचलताना त्याच्या टोकाशी मीटर धरला. उभ्यात 221. बटण दाबताच 192.

यातलं वाईट पुढेच आहे. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 च्या जागी 190 मिळाले तर व्होल्टेज सहाव्या हिश्शाच्या आसपासच कमी झालेलं दिसतं, पण जोर 68 टक्क्यांवर येतो. मग मोटार निघायला वेळ घेते, आणि निघेपर्यंतचा प्रत्येक क्षण ती तो चौपट प्रवाह पोटात घेऊन उभी असते. वाइंडिंग तापतं. तांब्यावरच्या इनॅमलचं आणि व्हार्निशचं आयुष्य दर 10 अंश जास्त उष्णतेला साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना हिशोब आहे. शेजारी बसलेला कंडेन्सरही त्याच उष्णतेत शिजतो.

दुसरी गोष्ट हॉइस्टच्या पाटीवरच कोरलेली होती: एस-3, 20 टक्के, 10 मिनिटे. म्हणजे दर दहा मिनिटांत दोन मिनिटं काम आणि आठ मिनिटं विश्रांती. दिवाळीनंतर तोडणी सुरू झाली की गुऱ्हाळवाल्यांची घाई असते. त्या आठवड्यात मी एका दुपारी चार इंजिनं एकामागून एक हलवली होती. माझ्या सहायकाला मी अर्ध्या तासानं चहा दिला असता. मोटारीला आठ मिनिटं दिली नाहीत.

वायर बदलून 2.5 चौरस मिलिमीटरची टाकली, स्वतंत्र एमसीबीवर. पुन्हा मोजलं: उचलताना 208. मग मामांकडे गेलो आणि हे सगळे आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता काढ जुनी तार. हितं नको, घरात बसून काढ. मी येतो संध्याकाळी."

आठ दिवस शेडमध्ये हेच काम. आधी वहीत उतरवून घेणं: 24 खाचा, चार पोल, कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत जाते, कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडलंय. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून लेकीनं एकदा आणि मी एकदा, असं वेगवेगळं लिहून ताडून पाहिलं. मग एका बाजूची तोंडं छिन्नीनं कापली आणि दुसऱ्या बाजूनं पकडीनं कॉइल ओढल्या. जुन्या व्हार्निशनं तार खाचेत दगडासारखी धरलेली असते. आगीत टाकली की सुटते, पण मामांनी बजावलं होतं की स्टेटर विस्तवात घालायचा नाही. स्टेटर म्हणजे लोखंडाचा एकसंध गोळा नसतो; अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांची चवड असते आणि प्रत्येक पत्र्यावर विजेला अडवणारा पातळ लेप. तो लेप जळला की पत्रे एकमेकांना विजेनं जोडले जातात, लोखंडातच प्रवाह फिरायला लागतात, आणि नवं तांबं भरलेली मोटार रिकामी चालतानाही तापते. भरलेली मोटार पहिल्यासारखी राहत नाही असं लोक म्हणतात, त्याचं एक कारण हे. आम्ही कोमट आचेवर, थोडं थोडं, दोन संध्याकाळ घेऊन तार काढली. जळालेली कॉइल हातात आली तेव्हा बाकीच्या लालसर तारांमध्ये तिचा एक वीतभर तुकडा कोळशासारखा काळा होता.

कॉइल गुंडाळायला लाकडाचा फर्मा केला. 21 गेजची तार, प्रत्येक कॉइलला 56 वेढे, दोन्ही वाइंडिंगच्या मिळून बारा कॉइल. वेढे लेकीनं मोजले. मी फिरवायचो, ती तोंडानं आकडा म्हणायची, आणि मध्ये कुणी हाक मारली तर ती उत्तर न देता आकडा मोठ्यानं म्हणायची. सव्वा किलो तार गेली. खाचेत आधी कागद, मग चार-चार तारा करत कॉइल बसवायची; लोखंडाच्या कडेला इनॅमल खरवडलं तर दिसत नाही आणि महिन्यानं कळतं. वरून बांबूच्या कामट्या ठोकायच्या. नायलॉनच्या, फायबरच्या पट्ट्याही मिळतात, मामा अजून बांबूच वापरतात आणि त्या कामट्या तासायला मला त्यांनी एक अख्खी संध्याकाळ लावली. जाड झाली तर कागद फाटतो, पातळ झाली तर कॉइल थरथरते.

व्हार्निश देण्याआधी मामांनी खिशातून बेअरिंगमधली एक गोळी काढली. स्टेटर आडवा ठेवला, डिमरस्टॅटवरून, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या पेटीतून, अगदी थोडं व्होल्टेज दिलं, कंडेन्सर काढून ठेवला आणि गोळी आत सोडली. ती जागीच थरथरत राहिली. मग त्यांनी कंडेन्सर जोडला. गोळी निघाली. स्टेटरच्या आतल्या गोल भिंतीवर घरंगळत, एकसारखी, फेऱ्यावर फेरा. वायर बदलून कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगला दिला. गोळी थांबली, थरथरली, आणि उलटी निघाली.

लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ही अशी थरथरत होती."

1885 मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात गॅलिलिओ फेरारिस या प्राध्यापकानं एकमेकींशी काटकोनात दोन कॉइल ठेवल्या, त्यांत थोडे आगे-मागे प्रवाह सोडले आणि मधला तांब्याचा नळकांडा आपोआप फिरू लागला. त्यानं त्याचं पेटंट घेतलं नाही. तीन वर्षांनी निकोला टेस्लानं आपल्या मोटारींची पेटंट मिळवली आणि जग पुढे गेलं. फेरारिसच्या प्रयोगशाळेत त्या पहिल्या वेळी कोण कोण उभं होतं मला माहीत नाही, पण आमच्या शेडमध्ये त्या रात्री तिघं होतो आणि मामांनी हे आयुष्यात हजारदा केलेलं असूनही तेसुद्धा वाकून गोळीकडेच बघत होते.

व्हार्निश, पिंपात बल्बच्या उबेवर दोन रात्री सुकवणं, नवी बेअरिंग, जोडणी. ते रीतसर झालं.

ब्रेकसाठी मात्र मी एक पूर्ण दिवस ठेवला. या प्रसंगात नीट वागलेला तो एकटाच होता, तरी उघडला. रचना साधी आहे: स्प्रिंग ब्रेक सतत दाबून धरते, वीज असेपर्यंत चुंबक तिला मागे ओढतो. म्हणजे वीज गेली, वायर तुटली, बटण सोडलं, काहीही झालं तरी यंत्राचा कल धरून ठेवण्याकडे. लायनिंग, म्हणजे ब्रेकचा घासणारा थर, शाबूत होतं. कडेला गिअरबॉक्समधून आलेला ग्रीसचा ओघळ दिसला, लायनिंगपासून नखभर अंतरावर. तो पुसला, सील बदललं, फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून फट जुळवली.

कोपऱ्यात आण्णांचा एक टनाचा चेन ब्लॉक, हातानं साखळी ओढून ओझं उचलायचा, टांगलेला आहे. त्यातला वेस्टन ब्रेक मला लहानपणी त्यांनी उघडून दाखवला होता: ओझ्याचं स्वतःचं वजनच आतला स्क्रू आवळतं आणि घर्षणाच्या चकत्या घट्ट धरते. ओझं जेवढं जड, तेवढी पकड पक्की. साखळी हातातून सोडून द्या, ते जागेवर. वर घेताना त्याचा खटका टक टक वाजत राहतो. आण्णा कुठलंही ओझं आधी चार बोटं उचलायचे, थांबायचे, आणि मनात दहा मोजून मगच पुढे न्यायचे. त्यांच्या तीस वर्षांत त्यांच्या ओझ्याखाली कुणाचं बोटही सापडलं नाही. मी जानेवारीत तो नियम पाळला होता. इंजिन धरलेलं होतंच. धरलेलं ओझं पुन्हा हलवताना काय होईल, हा प्रश्न त्या नियमात नव्हता, कारण चेन ब्लॉकला तो प्रश्न पडतच नाही. आता आमच्याकडे नियम असा आहे की बटण दाबण्याआधी खाली ठोकळे आणि माणूस दोन हात बाजूला. इंजिन वळवायचं तर दोरी बांधून लांबून.

चाचणीला लोखंड नको, पाणी घे, असं मामा म्हणाले. 200 लिटरचं पिंप, पक्क्या साखळीत बांधलेलं; पाण्याचं वजन लिटरला किलो, हवं तेवढं भरता येतं, हवं तेवढं काढता येतं. रिकामं पिंप आधी. मग शंभर लिटर. मग काठोकाठ, पिंपासकट 220 किलोच्या आसपास. प्रत्येक वेळी जमिनीपासून वीतभरच. हॉइस्टच्या टोकाशी मीटर: 209. मोटार निघाली ती बटणाबरोबर. मग दोन पिंपं एकत्र. खांबावर खडूनं पिंपाच्या बुडाची रेघ मारली आणि दहा मिनिटं वाट पाहिली. रेघ आणि बूड हललं नाही. मोटारीच्या अंगावर हात ठेवला, कोमट.

"आता वर घे," मामा म्हणाले, "आणि निम्म्यात आल्यावर बटण दाबूनच धर. मी मेन पाडतो."

लेक दाराशी उभी होती, दोन हात नव्हे, चांगली दहा हात लांब. मी वरचं बटण दाबलं. पिंपं उचलली गेली, बूड रेघेच्या वर सरकलं. मामांनी मेन खाली ओढला. शेडमधला दिवाही गेला.

खट्.

अंधारात पिंपांमधलं पाणी डुचमळत होतं, कडांवर आपटून खाली सांडत होतं. माझा अंगठा बटणावर तसाच होता. हळूहळू पाण्याचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मामांनी बॅटरी लावली, खांबाजवळ वाकले, आणि खडूनं पहिल्या रेघेच्या वर दुसरी रेघ मारली.

"थांबू दहा मिनिटं," ते म्हणाले. लेक आत येऊन त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि दोघं त्या रेघेकडे बघत राहिले.